‘येत नाही’ म्हणण्याची सोय : प्रशिक्षणाच्या गरजा आणि कर्मचारी-प्रश्नावली

प्रस्तावना

कोणत्याही कार्यालयात किंवा कारखान्यात कर्मचाऱ्याकडून जे काम अपेक्षित असते आणि जे त्याच्या हातून प्रत्यक्षात होते, त्या दोहोंमध्ये बहुधा काही ना काही अंतर असते. या अंतरापैकी जेवढा भाग शिकवून आणि सराव देऊन भरून काढता येतो, तेवढ्यालाच ‘प्रशिक्षणाची गरज’ ही संज्ञा लागू पडते. हे अंतर कोणत्या कामात, कोणत्या पदावर आणि किती आहे, याचा शोध घेण्याच्या अनेक वाटा आहेत. कामाचे निरीक्षण करता येते, चुकांच्या नोंदी तपासता येतात, पर्यवेक्षकांशी बोलता येते, चाचणी घेता येते. परंतु शेकडो कर्मचारी निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेले असतात तेव्हा या साऱ्या वाटा वेळखाऊ ठरतात आणि व्यवस्थापनाचा हात प्रश्नावलीकडे वळतो. ठरावीक प्रश्नांचा, ठरावीक क्रमाचा आणि शक्यतो दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडावयाचा लेखी संच म्हणजे प्रश्नावली. तिच्याद्वारे कर्मचाऱ्यांनाच त्यांच्या शिकण्याच्या गरजा विचारण्याची ही प्रक्रिया खासगी कंपन्यांत ‘टीएनआय’ या आद्याक्षरांनी, तर शासकीय व्यवहारात ‘प्रशिक्षण गरजांचे विश्लेषण’ या नावाने ओळखली जाते.

हे साधन स्वस्त आहे, झटपट आहे आणि वरवर पाहता निरुपद्रवीही आहे. त्यामुळेच ते कसे राबवले जाते याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. प्रत्यक्षात अशी प्रश्नावली कर्मचाऱ्याकडे एक अवघड गोष्ट मागत असते. ‘अमुक कामाचे प्रशिक्षण हवे आहे’ असे लिहून देणारा कर्मचारी ‘हे काम मला नीट येत नाही’ अशीच कबुली देत असतो, आणि तीही ज्या कार्यालयाच्या हाती त्याची बढती, बदली आणि वार्षिक शेरा असतो त्याच कार्यालयाला. ‘येत नाही’ म्हटल्याने नुकसान होईल अशी भीती जेथे असते, तेथे उत्तम रचनेची प्रश्नावलीही खोटी उत्तरे गोळा करते. जेथे ती भीती नसते, तेथे साध्या कागदावरचे चार प्रश्नही बरेच काही सांगून जातात. प्रश्नावलीच्या व्यवस्थापनात अर्ज छापणे, वाटणे, गोळा करणे आणि बेरजा मांडणे ही कामे येतातच. परंतु या सर्व कामांचा हेतू ‘येत नाही’ म्हणण्याची सोय निर्माण करणे आणि ती टिकवणे हा असला पाहिजे, हे प्रस्तुत विवेचनाचे मध्यवर्ती सूत्र आहे.

या सूत्राला आधार देणारा एक जुना अनुभव प्रश्नावल्यांच्या नव्हे, तर मुलाखतींच्या इतिहासात सापडतो. अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात २१,००० हून अधिक कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. आरंभी मुलाखत घेणाऱ्यांकडे काम, कामाची परिस्थिती आणि पर्यवेक्षण यांविषयीचे तयार प्रश्न असत. परंतु कामगार विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात आटोपून मनात असलेल्या दुसऱ्याच विषयाकडे वळतात, असे दिसून आल्यावर ती पद्धत बाजूला ठेवण्यात आली आणि कामगाराला त्याच्या कलाने बोलू देण्याचे ठरले. तयार प्रश्नांत विचारणाऱ्याच्या डोक्यातली मांडणी असते आणि उत्तर देणाऱ्याचे म्हणणे त्या मांडणीत बसेलच असे नाही, हा या अनुभवाचा एक धडा; आणि ऐकणाऱ्यावर विश्वास बसल्याखेरीज माणूस मनातले बोलत नाही, हा दुसरा. पुढे १९३२ मध्ये रेन्सिस लिकर्ट यांनी मांडलेल्या श्रेणी-मापनीमुळे, म्हणजे ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंतच्या पायऱ्यांवर खूण करून मत नोंदवण्याच्या पद्धतीमुळे, मतांचे आकड्यांत रूपांतर करणे सोपे झाले आणि हजारो माणसांचे म्हणणे एका तक्त्यात मावू लागले. जे तक्त्यात मावत नाही ते मात्र या सोयीत सुटून जाते, आणि हॉथॉर्नचे ते दोन्ही धडे त्यामुळे आजच्या प्रश्नावलीलाही तितकेच लागू राहतात.

प्रशिक्षणाच्या गरजांचा शास्त्रीय विचार करताना विल्यम मॅगी आणि पॉल थेअर यांनी १९६१ मध्ये मांडलेली त्रिस्तरीय विभागणी आजही पायाभूत मानली जाते. संस्थेची उद्दिष्टे आणि तिच्यापुढील बदल यांचा विचार हा पहिला स्तर. विशिष्ट पदावरील कामात नेमके काय करावे लागते, याचे पृथक्करण हा दुसरा. आणि त्या पदावरील प्रत्यक्ष व्यक्तीला त्यातले काय येते व काय येत नाही, याची तपासणी हा तिसरा. कर्मचारी-प्रश्नावली मुख्यतः तिसऱ्या स्तरावर उपयोगी पडते, दुसऱ्या स्तरावर काही प्रमाणात मदत करते आणि पहिल्या स्तरावर जवळजवळ निरुपयोगी ठरते. डिझेलच्या इंजिनावर हयात घालवलेल्या आगारातील मेकॅनिकला ‘तुम्हाला कोणते प्रशिक्षण हवे’ असे विचारल्यास तो डिझेल इंजिनाशी संबंधितच काहीतरी सांगेल; आगारात पुढच्या वर्षी विजेवर चालणाऱ्या बसगाड्या येणार आहेत आणि त्यांच्या उच्च दाबाच्या बॅटरीजवळ काम करताना वेगळ्या दक्षतेची गरज आहे, हे त्याच्या उत्तरातून बाहेर येणार नाही, कारण न पाहिलेल्या गोष्टीची उणीव कोणालाच जाणवत नसते. ती गरज व्यवस्थापनाने स्वतः ओळखावयाची असते आणि प्रश्नावलीवर तिचा भार टाकता येत नाही.

भारतात या विषयाला धोरणाचे पाठबळ मिळालेले आहे. केंद्र शासनाच्या १९९६ च्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणाने वेतनावरील खर्चाच्या १.५ टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी राखून ठेवावी असे सुचवले होते, तर २०१२ च्या धोरणाने हे प्रमाण किमान २.५ टक्क्यांवर नेले. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्वतःचे राज्य प्रशिक्षण धोरण स्वीकारले असून, पुण्यातील यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी, म्हणजेच ‘यशदा’, ही राज्यातील शिखर प्रशिक्षण संस्था आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ‘मिशन कर्मयोगी’ या कार्यक्रमाने तर सुमारे ४६ लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांत ५१०.८६ कोटी रुपयांच्या खर्चाची योजना आखली आणि प्रत्येक पदाची भूमिका, त्या भूमिकेतील कामे आणि त्या कामांसाठी लागणाऱ्या क्षमता अशी साखळी जोडून प्रशिक्षण ठरवावे, असा आग्रह धरला. खासगी उद्योगांत हाच रेटा गुणवत्ता-मानकांकडून येतो. ‘आयएसओ ९००१’ या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीतील ७.२ क्रमांकाचे कलम कामासाठी लागणारी क्षमता निश्चित करण्यास, ती नसल्यास उपाय योजून त्याची परिणामकारकता तपासण्यास आणि या सगळ्याचा लेखी पुरावा ठेवण्यास सांगते.

धोरण आणि मानक यांचा हेतू चांगला असला, तरी त्यांच्यामुळे प्रश्नावलीला आणखी एक रूप आले. लेखापरीक्षक येण्याच्या आधीच्या आठवड्यात टीएनआयचे अर्ज वाटायचे, विभागप्रमुखाने सर्वांचे अर्ज स्वतःच भरून सह्या घ्यायच्या आणि ‘संवादकौशल्य, वेळेचे व्यवस्थापन, ताणतणावमुक्ती’ ही नेहमीची यादी फाइलला लावायची, ही पद्धत चाकण-वाळूजच्या कारखान्यांपासून जिल्हा मुख्यालयांतील कार्यालयांपर्यंत ओळखीची आहे. येथे एक बारकावा निसटतो. उपरोक्त मानक ‘प्रशिक्षण द्या’ असे सांगत नाही, ‘क्षमता आहे याची खात्री करा’ असे सांगते. प्रशिक्षण हा त्या खात्रीचा एक मार्ग आहे आणि योग्य माणसाकडे काम सोपवणे किंवा कामाची पद्धत बदलणे हेही तितकेच मान्य मार्ग आहेत. प्रशिक्षणाचा अर्जच साध्य बनतो तेव्हा हे दुसरे मार्ग कोणाला आठवत नाहीत.

म्हणूनच ‘गरज’, ‘इच्छा’ आणि ‘अडचण’ या तीन शब्दांतील भेद सुरुवातीलाच स्पष्ट करणे आवश्यक आहे. एखाद्या कर्मचाऱ्याला महाबळेश्वरच्या तीन दिवसांच्या निवासी कार्यशाळेला जावेसे वाटणे ही इच्छा होय. तिच्यात गैर काही नाही, परंतु ती गरज नव्हे. काम अडून राहणे ही अडचण होय, आणि प्रत्येक अडचणीचे मूळ अज्ञानात असतेच असे नाही. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कार्यक्षमतेच्या समस्यांविषयीच्या पुस्तकात यासाठी एक रोखठोक कसोटी दिली आहे : जिवावर बेतले असते, तर त्या माणसाला ते काम करता आले असते काय? उत्तर ‘हो’ असेल तर त्याला ते येते आणि न होण्याचे कारण दुसरीकडे शोधले पाहिजे. उत्तर ‘नाही’ असेल तरच प्रशिक्षणाचा विचार सुरू होतो. भारतातील शासकीय प्रशिक्षकांना शिकवल्या जाणाऱ्या पद्धतीत याच विचाराला अनुसरून कारणांचे तीन गट केले जातात. साधने, जागा, नियम, मनुष्यबळ यांच्याशी निगडित ती पर्यावरणीय कारणे. मोबदला, मान, न्याय, कंटाळा यांच्याशी निगडित ती प्रेरणाविषयक कारणे. आणि ज्ञान, कौशल्य व वृत्ती यांच्याशी निगडित ती वर्तनविषयक कारणे. यांपैकी केवळ तिसऱ्या गटावर प्रशिक्षणाची मात्रा लागू पडते.

महसूल खात्यातील फेरफार नोंदींचे उदाहरण या भेदासाठी उपयोगी आहे. जमिनीच्या खरेदी-विक्रीनंतर किंवा वारसाहक्काने मालकी बदलली की तलाठ्याने, म्हणजे नव्या पदनामानुसार ग्राम महसूल अधिकाऱ्याने, गाव नमुना ६ मध्ये नोंद घ्यावयाची, संबंधितांना नोटीस द्यावयाची, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत ठेवावयाची आणि नंतर मंडळ अधिकाऱ्याने ती नोंद प्रमाणित करावयाची असते. ही प्रक्रिया ‘ई-फेरफार’ या संगणकप्रणालीत आल्यानंतर एखाद्या सज्ज्यात नोंदी प्रलंबित दिसल्या, तर ‘प्रणालीचे प्रशिक्षण द्या’ असा निष्कर्ष सहज काढला जातो. प्रत्यक्षात त्या विलंबामागे सर्व्हरची संथ गती असू शकते, गावात नेटवर्क नसणे असू शकते, एकाच व्यक्तीकडे दोन-तीन सज्ज्यांचा अतिरिक्त कार्यभार असू शकतो, भाऊबंदकीतील हरकतींची सुनावणी चालू असू शकते. आणि नोंदीतील एखादा प्रकार कसा भरावा हे खरोखरच ठाऊक नसणे, हेही असू शकते. शेवटचे कारण असेल तरच प्रशिक्षणाने काम होईल; इतर कारणांवर प्रशिक्षण लादणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. चांगल्या प्रश्नावलीत म्हणूनच ‘हे काम येते का’ या प्रश्नाच्या जोडीला ‘हे काम कशामुळे अडते’ हा प्रश्न असावा लागतो, आणि त्याच्या पर्यायांत ‘माहिती नाही’ याबरोबर ‘साधन नाही’, ‘वेळ नाही’, ‘निर्णय वरिष्ठांकडे अडतो’ हे पर्यायही मोकळेपणाने दिलेले असावे लागतात. या मांडणीचा आणखी एक फायदा असा, की अडचणींच्या यादीत अज्ञान हे अनेकांपैकी एक कारण म्हणून येते आणि त्यावर खूण करताना हात कमी कचरतो.

प्रश्नांची रचना कामाच्या यादीपासून सुरू होणे इष्ट असते. ‘तुम्हाला नेतृत्वगुणांचे प्रशिक्षण हवे आहे काय?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारा विरळाच. परंतु त्या ‘हो’मधून काहीही कळत नाही. त्याऐवजी त्या पदावरील वीस-तीस प्रत्यक्ष कामे लिहून प्रत्येकापुढे दोन मापन्या ठेवल्या जातात : ते काम या पदासाठी किती महत्त्वाचे आहे आणि ते सध्या किती चांगले जमते. ब्रिटनमध्ये हेनेसी आणि हिक्स यांनी परिचारिका व आरोग्यसेवकांसाठी तयार केलेली प्रश्नावली याच तत्त्वावर उभी आहे. तिच्यात ३० कामे असून प्रत्येकाला सात पायऱ्यांच्या मापनीवर गुण दिले जातात, आणि उणीव प्रशिक्षणाने भरून निघेल की कामाच्या व्यवस्थेत बदल केल्याने, हेही स्वतंत्रपणे विचारता येते. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ गॅरी बोरिक यांनी १९८० मध्ये शिक्षक-प्रशिक्षणासाठी सुचवलेल्या पद्धतीत महत्त्व आणि क्षमता यांतील फरकाला महत्त्वाच्या सरासरीने गुणले जाते. केवळ समजावण्यापुरते उदाहरण घ्यावयाचे, तर एखाद्या कामाचे सरासरी महत्त्व पाचपैकी ४.५ आणि क्षमता २.५ असेल, तर फरक २ आणि भारित गुण ९ होतात. दुसऱ्या कामाचे महत्त्व ३ आणि क्षमता १ असेल, तर फरक तोच २ राहतो, परंतु भारित गुण ६ होतात. दोन्ही ठिकाणी उणीव सारखीच असताना पहिल्या कामाला अग्रक्रम का द्यावा, हे या साध्या गुणाकाराने स्पष्ट होते.

मात्र या आकड्यांच्या तळाशी कर्मचाऱ्याने स्वतःला दिलेले गुण असतात, आणि स्वतःचे मूल्यमापन दोन बाजूंनी घसरते. एक बाजू अजाणतेपणाची आहे. डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात तर्क, व्याकरण आणि विनोदाची जाण यांच्या चाचण्यांत तळाच्या चतुर्थांशात आलेल्या विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष स्थान सरासरीने शंभरांत खालून बाराव्या क्रमांकाच्या आसपास होते, तर त्यांचा स्वतःविषयीचा अंदाज बासष्टाव्या क्रमांकाच्या आसपास होता. चांगले काम म्हणजे काय हे कळण्यासाठीही त्याच कामाचे ज्ञान लागते, त्यामुळे ज्याला कमी येते त्याला आपल्याला कमी येते हेही कमीच कळते. दुसरी बाजू जाणूनबुजून लपवण्याची आहे, आणि तिची कारणे बहुधा संस्थेनेच निर्माण केलेली असतात. महाराष्ट्रात अनेक पदांच्या भरतीसाठी ‘एमएस-सीआयटी’सारख्या संगणक-अर्हतेचे प्रमाणपत्र आवश्यक असते; ज्याने ते प्रमाणपत्र सेवापुस्तकात नोंदवले आहे, तो ‘मला एक्सेलमध्ये बेरजेचे सूत्र घालता येत नाही’ असे कोणत्या धैर्याने लिहील? प्रमाणपत्राने ज्या उणिवेवर कागदोपत्री पडदा टाकला आहे, ती उणीव प्रश्नावलीत उघड करणे म्हणजे स्वतःच्या अर्हतेवर प्रश्नचिन्ह लावून घेणे होय. अशा ठिकाणी ‘येते का’ असे विचारण्यापेक्षा ‘गेल्या तीन महिन्यांत हे काम करताना कोणाची मदत घ्यावी लागली काय’ असे विचारणे अधिक फलदायी असते, कारण मदत घेणे ही घडलेली गोष्ट आहे आणि ती सांगण्यात कमीपणा वाटत नाही.

प्रश्नांच्या भाषेचा मुद्दा येथेच येतो. ‘पत्रलेखन आणि संगणक यांचे प्रशिक्षण उपयुक्त वाटते काय?’ हा दुहेरी प्रश्न आहे. त्यात दोन विषय एकत्र आल्यामुळे ‘हो’ हे उत्तर कशाला दिले ते समजत नाही. ‘बदलत्या काळात अद्ययावत राहणे आवश्यक आहे, असे तुम्हालाही वाटते ना?’ हा सूचक प्रश्न आहे; त्याचे उत्तर त्याच्या पोटातच दडलेले आहे. शासकीय प्रश्नावल्यांत ‘क्षमता बांधणी’, ‘सक्षमता चौकट’, ‘वर्तनात्मक पैलू’ असे शब्द येतात तेव्हा ते लिपिकालाही अडखळवतात आणि शिपाई, सफाई कामगार किंवा वाहनचालक यांना तर पूर्णपणे परके वाटतात. टपाल आवक करणे, नस्ती सादर करणे, टिपणी लिहिणे, देयक तयार करणे, साचा बदलणे, गेजने माप घेणे हे कामाचे खरे शब्द होत आणि प्रश्न त्याच शब्दांत असले पाहिजेत. ज्या कारखान्यात बिहार, ओडिशा किंवा उत्तर प्रदेशातून आलेले कंत्राटी कामगार आहेत तेथे हिंदीतील प्रत लागते. ज्यांना वाचण्याचा सराव नाही त्यांच्यासाठी प्रश्न वाचून दाखवणारी व्यक्ती लागते, आणि ती व्यक्ती त्यांचा थेट मुकादम किंवा सुपरवायझर असता कामा नये, कारण ज्याच्याकडून हजेरी लागते त्याच्यासमोर कबुली देणे कठीण असते. अशी प्रत आधी दहा-पंधरा जणांवर वापरून पाहणे, म्हणजे पूर्वचाचणी घेणे, आणि त्यांना प्रत्येक प्रश्नाचा काय अर्थ लागला ते विचारणे, हा सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा टप्पा आहे.

प्रत्यक्ष राबवणुकीत वेळेची निवड निर्णायक ठरते. मार्चअखेरीस लेखा शाखेला, निवडणुकीच्या काळात महसूल यंत्रणेला, किंवा महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात उत्पादन विभागाला पाठवलेली प्रश्नावली डोळे झाकून भरली जाते. त्याहून मोठी चूक म्हणजे ती वार्षिक मूल्यमापनाच्या अर्जाला जोडणे. अनेक कंपन्यांत मूल्यमापन-अर्जाच्या शेवटच्या पानावर ‘प्रशिक्षणाच्या गरजा’ हा रकाना असतो. त्याच अर्जावर वेतनवाढ ठरणार असल्याने कर्मचारी तेथे निर्धोक आणि शोभेल असेच काहीतरी लिहितो. गरजांचा शोध आणि कामाचे गुणांकन या दोन प्रक्रियांमध्ये काही महिन्यांचे अंतर असणे आणि त्या वेगळ्या हातांत असणे, ही प्रामाणिक उत्तरांची पहिली अट आहे.

दुसरी अट गुप्ततेची असून तिच्याविषयी ‘अनामिकता’ आणि ‘गोपनीयता’ या दोन संज्ञांची गल्लत होते. उत्तर कोणाचे आहे हे कोणालाच कळू शकत नसेल तर ती अनामिकता; ते काही मोजक्या व्यक्तींना कळते, परंतु त्या ते उघड न करण्यास बांधलेल्या असतात, तर ती गोपनीयता. संपूर्ण संस्थेचे चित्र पाहावयाचे असल्यास अनामिक प्रश्नावली पुरते. परंतु नेमक्या व्यक्तीला नेमके प्रशिक्षण द्यावयाचे असल्यास नाव लागतेच आणि मग गोपनीयतेचे आश्वासन लेखी व पाळता येईल असे असावे लागते. ‘नाव लिहू नका’ असे छापून पद, शाखा, वय आणि सेवाकाळ विचारणे ही फसवणूक आहे, कारण तीन जणांच्या शाखेत एवढ्या तपशिलावरून माणूस सहज ओळखू येतो; ऑनलाइन अर्जात ई-मेलचा पत्ता आपोआप नोंदवला जात असेल तर तीही त्याच प्रकारची फसवणूक ठरते. लहान गटांचे निष्कर्ष स्वतंत्रपणे न दाखवता मोठ्या गटात मिळवून दाखवणे, मूळ अर्ज विभागप्रमुखाकडे न पाठवता प्रशिक्षण कक्षातच ठेवणे आणि ठरावीक मुदतीनंतर ते नष्ट करणे, असे साधे नियम आधीच जाहीर केल्यास, तसेच संघटनेच्या प्रतिनिधींना ते दाखवून त्यांची संमती घेतल्यास, उत्तरांचा दर्जा बदलतो.

प्रतिसादाचे प्रमाणही केवळ टक्केवारीत मोजून भागत नाही. पाचशेपैकी तीनशे अर्ज परत आले ही संख्या समाधानकारक वाटेल, परंतु न आलेले दोनशे अर्ज क्षेत्रीय कर्मचाऱ्यांचे, रात्रपाळीचे किंवा कामाचा सर्वाधिक ताण असलेल्या शाखांचे असतील, तर उरलेल्या तीनशेंतून दिसणारे चित्र एकांगी असते. ज्यांना शिकण्याची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांनाच अर्ज भरण्यास सवड नसण्याची शक्यता मोठी असते. म्हणून कोणी उत्तर दिले नाही याचा शोध घेणे, हा उत्तरे मोजण्याइतकाच महत्त्वाचा भाग आहे. आलेल्या उत्तरांचा अर्थ लावतानाही त्यांना एकट्याने साक्ष देऊ द्यावयाची नसते. पर्यवेक्षकांनी त्याच कामांविषयी भरलेली समांतर प्रश्नावली, नागरिकांच्या तक्रारी, लेखापरीक्षणातील आक्षेप, नाकारलेल्या मालाच्या नोंदी, अपघातांची नोंदवही या साधनांशी ताळा जुळवून पाहावा लागतो. कर्मचारी ‘जमते’ म्हणतो आणि नोंदी ‘चुकते’ म्हणतात, तेथे अजाणता राहिलेली उणीव असण्याची शक्यता असते. कर्मचारी ‘जमत नाही’ म्हणतो आणि नोंदी निर्दोष असतात, तेथे आत्मविश्वासाची उणीव असू शकते, किंवा शेजारच्या टेबलावरचा एखादा जाणकार सहकारी मुकाट्याने सगळ्यांचे काम सावरून घेत असतो आणि तो निवृत्त होईपर्यंत ती उणीव कोणाच्या लक्षात येत नाही.

या प्रक्रियेतील सर्वांत दुर्लक्षित टप्पा म्हणजे निष्कर्ष परत सांगणे. विचारणे हे अपेक्षा निर्माण करणे असते. ज्याने वेळ काढून, थोडी भीड बाजूला ठेवून आपली उणीव लिहून दिली, त्याला पुढे काय झाले हे कळलेच नाही, तर पुढच्या वर्षीचा अर्ज तो तोंडदेखला भरतो. मागितलेले सर्व प्रशिक्षण देणे शक्य नसते आणि आवश्यकही नसते. परंतु कोणत्या गरजा स्वीकारल्या, कोणत्या पुढे ढकलल्या आणि कोणत्या अडचणी प्रशिक्षणाच्या नसल्यामुळे संबंधित विभागाकडे पाठवल्या, हे एका पानाच्या परिपत्रकात सांगता येते. प्रशिक्षणानंतरचे मूल्यमापनही याच धाग्याला जोडलेले आहे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडलेल्या चार पायऱ्यांच्या पद्धतीत प्रशिक्षणार्थीची प्रतिक्रिया, त्याचे शिकणे, कामावरील वर्तनात झालेला बदल आणि संस्थेला मिळालेले फळ अशा क्रमाने परिणाम पाहिला जातो. बहुतेक संस्था पहिल्याच पायरीवर, म्हणजे सत्राच्या शेवटी भरून घेतलेल्या अभिप्रायावर, थांबतात. गरजा ठरवताना वापरलेलीच कामांची यादी प्रशिक्षणानंतर तीन-चार महिन्यांनी पुन्हा विचारल्यास तिसऱ्या पायरीचा अंदाज जवळजवळ विनाखर्च मिळू शकतो, आणि हे शक्य व्हावे म्हणून पहिल्या प्रश्नावलीतील कामांचे शब्द बदलू न देण्याची दक्षता घ्यावी लागते.

या सर्व विवेचनातून प्रश्नावलीची मर्यादा आणि तिचे मोल दोन्ही एकत्र दिसतात. उद्याच्या कामासाठी काय शिकावे लागेल हे ती सांगू शकत नाही, स्वतःला न जाणवलेली उणीव ती दाखवू शकत नाही, आणि साधनांची किंवा माणसांची टंचाई ती दूर करू शकत नाही. तिच्यामुळे जे कळते ते दुसऱ्या कोणत्याही नोंदवहीत नसते : काम करणाऱ्याला स्वतःचा हात कोठे अडतो असे वाटते. ही माहिती मागून मिळत नाही, ती दिली जाते. आणि मागच्या वेळी दिलेल्या माहितीचे काय झाले यावर ती पुढच्या वेळी दिली जाईल की नाही हे ठरते. म्हणूनच एखाद्या संस्थेची प्रश्नावली चांगली चालते आहे की नाही हे तिच्या पहिल्या वर्षीच्या प्रतिसादावरून ठरवू नये. पहिल्या वर्षी ‘संवादकौशल्य’ आणि ‘वेळेचे व्यवस्थापन’ असे गोल शब्द लिहिणारे कर्मचारी तिसऱ्या वर्षी ‘निविदेची तुलनात्मक तक्ता-पत्रके करता येत नाहीत’ किंवा ‘नव्या यंत्राचा ऑफसेट लावता येत नाही’ असे नेमके आणि स्वतःच्या सहीने लिहू लागले, तर त्या मधल्या काळात आकड्यांत न दिसणारे बरेच काम झाले आहे, असे समजावे.